रबरी शिक्का व्हायला नकार देणारा राष्ट्रपती

आपल्या समाजातला माणूस मोठ्या पदावर गेला की आपल्या वस्त्यांत फटाके वाजतात, चौकात बॅनर लागतात, पेढे वाटले जातात. त्यात गैर काहीच नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांना वेशीबाहेर ठेवले गेले, त्यांना आपला माणूस खुर्चीवर दिसला तर आनंद होणारच. पण फटाक्यांचा धूर विरल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो विचारायला आपण कचरतो. त्या माणसाने त्या खुर्चीवर बसून केले काय? त्याने सही कुठे केली आणि सही करायला नकार कुठे दिला? आम्ही वकिली करतो. कोर्टात माणसाची किंमत त्याच्या जातीवरून वा भाषणावरून ठरत नाही, कागदावरून ठरते. म्हणून आज आम्ही अशा एका माणसाचा कागद वाचकांपुढे ठेवणार आहोत, ज्याला आपल्या चळवळीने कधी पूर्णपणे आपले मानले नाही आणि कधी पूर्णपणे परकेही मानले नाही. ते म्हणजे २५ जुलै १९९७ ते २५ जुलै २००२ या काळात भारताचे राष्ट्रपती असलेले के. आर. नारायणन.

कोचेरिल रामन नारायणन यांचा जन्म त्रावणकोर संस्थानातल्या, म्हणजे आजच्या केरळच्या कोट्टायम जिल्ह्यातल्या, उळवूर गावचा. जात परवन, म्हणजे अस्पृश्य. वडील आयुर्वेदाचे वैद्य. त्यांच्या औषधाला गावात मान होता, पण औषध घेणाऱ्याने वैद्याला माणूस म्हणून बरोबरीने वागवलेच पाहिजे असा काही त्या काळचा नियम नव्हता. घरात सात भावंडे आणि दारिद्र्य पाचवीला पुजलेले. जन्मतारखेची नोंदच कुणी ठेवली नव्हती, म्हणून शाळेत नाव घालताना चुलत्यांनी अंदाजाने २७ ऑक्टोबर १९२० ही तारीख सांगितली आणि तीच पुढे राष्ट्रपती भवनापर्यंत गेली. शाळेत नाव दाखल झाले ५ मे १९२७ रोजी. वाचकांनी ही तारीख जरा लक्षात घ्यावी. त्याच्या दीडच महिना आधी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. इकडे कोकणात पाण्यासाठी लढा उभा राहिला होता आणि तिकडे त्रावणकोरात एक अस्पृश्य पोर अक्षरांच्या दाराशी पोचले होते. ते दारही आपोआप उघडलेले नव्हते. महात्मा अय्यनकाली यांनी पुलया आणि इतर अस्पृश्य मुलांच्या शाळाप्रवेशासाठी आयुष्य वेचले होते. नारायणन यांची पिढी त्या लढ्याची लाभार्थी होती.

शाळा दूर होती. भाताच्या शेतांतून रोज काही कोस पायपीट करून हा मुलगा जायचा. फी वेळेवर भरता येत नसे, म्हणून कित्येकदा वर्गाबाहेर उभे राहून आत चाललेला धडा ऐकावा लागे. पुस्तके विकत घ्यायला पैसे नव्हते. थोरला भाऊ नीलकंठन दम्याच्या आजाराने घरीच असे. तो इतरांकडून पुस्तके मागून आणायचा, हाताने उतरवून काढायचा आणि धाकट्या भावाला द्यायचा. आज ज्यांच्या हातात आयता छापील अभ्यासक्रम पडतो त्यांनी या भावाची आठवण ठेवावी. कोट्टायमच्या सीएमएस कॉलेजात नारायणन शिष्यवृत्तीवर शिकले. पुढे त्रावणकोर विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी घेताना ते विद्यापीठात पहिले आले. हे साल होते १९४३.

विद्यापीठात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळावी अशी अपेक्षा रास्तच होती. नारायणन यांना ती जागा मिळाली नाही. कारकुनाची नोकरी देऊ केली गेली. तेव्हा संस्थानचे दिवाण होते सर सी. पी. रामस्वामी अय्यर. १९३६ च्या नोव्हेंबरात त्रावणकोरच्या महाराजांनी मंदिरप्रवेशाची घोषणा केली, तेव्हाही दिवाण हेच होते आणि त्या घोषणेचे श्रेय देशभर त्यांच्या पदरी टाकले गेले. देवळाचे दार उघडले, पण प्राध्यापकांच्या खोलीचे दार बंदच राहिले. यातला अर्थ बाबासाहेबांच्या अनुयायांना समजावून सांगण्याची गरज नाही. देवापुढे हात जोडायला अस्पृश्य चालतो, सवर्णांच्या मुलांना शेक्सपियर शिकवायला चालत नाही. नारायणन यांनी कारकुनी नाकारली आणि पदवीदान समारंभाकडे पाठ फिरवली. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला नकार. पुढे राष्ट्रपती भवनातून जे कागद परत गेले त्यांची सुरुवात आम्हाला इथे दिसते.

गाव सुटले आणि ते दिल्लीला गेले. द हिंदू आणि टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्रांत त्यांनी काही काळ बातमीदारी केली. एप्रिल १९४५ मध्ये मुंबईत त्यांनी गांधींची मुलाखतही घेतली. त्याच वर्षी टाटांच्या शिष्यवृत्तीवर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. सयाजीराव गायकवाडांच्या मदतीने परदेशी गेलेले आणि पुढे याच लंडन स्कूलमधून डी.एस्सी. झालेले बाबासाहेब वाचकांना इथे आठवतील. दोघांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या हे मान्य, पण ज्याला आपल्या देशात वर्गाबाहेर उभे केले जाते तो लंडनच्या वर्गात पहिल्या बाकावर बसतो, हा अनुभव दोघांचा सारखाच. नारायणन यांचे गुरू होते प्रा. हॅरॉल्ड लास्की. राज्यशास्त्रात प्रथम वर्ग मिळवून ते १९४८ मध्ये परतले, ते लास्कींचे पंतप्रधान नेहरूंच्या नावचे पत्र घेऊनच. नेहरूंनी त्यांना परराष्ट्र सेवेत घेतले आणि एप्रिल १९४९ पासून त्यांची मुत्सद्देगिरीची कारकीर्द सुरू झाली.

रंगून, टोकियो, लंडन, कॅनबेरा, हनोई अशी ही वाट गेली. रंगूनला त्यांची ओळख मा टिंट टिंट या ब्रह्मी तरुणीशी झाली. परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याला परदेशी नागरिकाशी लग्न करायला विशेष परवानगी लागत असे. ती नेहरूंनी दिली आणि ८ जून १९५१ रोजी दिल्लीत लग्न झाले. जातीबाहेर, धर्माबाहेर आणि देशाबाहेर असा हा तिहेरी आंतरविवाह. त्याच उषा नारायणन पुढे राष्ट्रपती भवनात आल्या. मधल्या काळात, १९५४ मध्ये, नारायणन यांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवले. त्रावणकोरात नाकारलेली अध्यापकाची जागा दिल्लीत मिळाली. थायलंड आणि तुर्कस्तान येथे ते राजदूत झाले. १९६२ च्या युद्धानंतर चीनमध्ये भारताचा राजदूतच नव्हता. १९७६ मध्ये ते संबंध पुन्हा राजदूत पातळीवर आले तेव्हा पेकिंगला पाठवण्यासाठी सरकारने निवडले ते नारायणन यांनाच. १९७८ मध्ये ते निवृत्त झाले आणि जानेवारी १९७९ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्याला साधी अध्यापकाची जागा नाकारली होती, त्याच्या सहीने आता प्राध्यापकांच्या नेमणुका होऊ लागल्या. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवले. तिथून १९८४ मध्ये ते परतले ते थेट राजकारणात येण्यासाठी.

इथे आपल्या चळवळीचा आक्षेप सुरू होतो आणि तो आम्ही लपवणार नाही. नारायणन काँग्रेसच्या तिकिटावर केरळमधल्या ओट्टपालम या राखीव मतदारसंघातून १९८४, १९८९ आणि १९९१ असे तीन वेळा लोकसभेवर गेले. राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात ते नियोजन, परराष्ट्र व्यवहार आणि विज्ञान-तंत्रज्ञान या खात्यांचे राज्यमंत्री होते. राखीव मतदारसंघ म्हणजे पुणे कराराची देणगी. संयुक्त मतदानातून निवडून येणारा दलित प्रतिनिधी आपल्या समाजाला कमी आणि पक्षाला जास्त बांधील असतो, ही बाबासाहेबांची तक्रार अनुभवाने खरी ठरली आहे. नारायणन धम्मदीक्षा घेतलेले नव्हते. त्यांनी कधी निळा झेंडा खांद्यावर घेतला नाही, आंबेडकरी पक्षात ते कधी नव्हते. ते नेहरूंच्या मुशीतले. मग त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, असे आपल्यातल्या अनेकांना वाटले तर नवल नाही. आमचे म्हणणे इतकेच की माणूस कोणत्या दारातून आत आला याची नोंद करावी, पण निकाल तो आत गेल्यावर काय करतो यावर द्यावा.

१९९२ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले. विरोधात फक्त एक मत पडले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनीच, बाबरी मशीद पाडली गेली. दिल्लीतल्या सत्ताधाऱ्यांचे शब्द घशात अडकले होते, तेव्हा उपराष्ट्रपतींनी ही घटना गांधीहत्येनंतरची देशावरची सर्वात मोठी आपत्ती असल्याचे जाहीरपणे सांगितले.

राष्ट्रपतिपदाची निवडणूक १४ जुलै १९९७ रोजी झाली. महाराष्ट्रातल्या वाचकांना ते दिवस विसरता येणार नाहीत. त्याच्या तीनच दिवस आधी, ११ जुलैला, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेधासाठी रस्त्यावर आलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसे मारली गेली. राज्यात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. जवळपास सर्व पक्षांचा पाठिंबा नारायणन यांना असताना शिवसेनेने मात्र टी. एन. शेषन यांना मते दिली. नारायणन यांना मतमूल्य मिळाले ९ लाख ५६ हजार २९०, शेषन यांना ५० हजार ६३१. एकीकडे रमाबाई नगरात चिता पेटत होत्या आणि दुसरीकडे देशाच्या सर्वोच्च पदावर एक दलित चालला होता. प्रतीक आणि वास्तव यांच्यातली दरी याहून ठळकपणे कुठे दिसली असेल? एक माणूस राष्ट्रपती झाल्याने पोलिसाच्या बंदुकीची दिशा बदलत नाही. आपण हे तेव्हाच शिकायला हवे होते.

मग राष्ट्रपती करू काय शकतो? आता थोडे कायद्याचे सांगतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक केला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कलम ७४ मध्ये एक छोटीशी फट ठेवली. राष्ट्रपती तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. मंत्रिमंडळाने तोच सल्ला पुन्हा दिला तर मात्र सही करावीच लागते. म्हणजे अधिकार एवढाच की एकदा थांबवायचे आणि देशाला विचार करायला लावायचे. नारायणन यांचे मोठेपण या एवढ्याशा फटीत आहे.

२१ ऑक्टोबर १९९७ रोजी उत्तर प्रदेश विधानसभेत माईक आणि खुर्च्यांची फेकाफेक झाली. बहुजन समाज पक्षाने पाठिंबा काढून घेतला होता, तरी फोडाफोडी करून भाजपच्या कल्याणसिंहांनी त्या गोंधळात बहुमत सिद्ध केले. राज्यपाल रोमेश भंडारी यांनी राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली आणि इंद्रकुमार गुजराल यांच्या मंत्रिमंडळाने ती उचलून धरली. राष्ट्रपतींनी ती फेरविचारासाठी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने माघार घेतली. या पहिल्याच कसोटीत फायदा झाला भाजपचा आणि निराशा झाली ती बसपाची. नारायणन यांना आपल्या माणसांची सोय पाहायची असती तर सही करणे सोपे होते. पण १९९४ च्या बोम्मई निकालाने बहुमताचा फैसला सभागृहातच व्हावा असे ठरवून दिले होते. कलम ३५६ वापरायची वेळच येऊ नये, ते निपचित पडून राहावे, अशी अपेक्षा बाबासाहेबांनी घटना समितीत व्यक्त केली होती. नारायणन यांनी राज्यघटनेची बाजू घेतली आणि आपली बाजू दुसरी कुठली असू शकते?

वर्षभरात उलटी परीक्षा आली. २५ सप्टेंबर १९९८ रोजी वाजपेयी सरकारने बिहारचे राबडीदेवींचे सरकार बरखास्त करण्याची शिफारस पाठवली. तीही परत गेली. दिल्लीतले सरकार बदलले, पक्ष बदलला, मोजपट्टी तीच राहिली. पुढे जानेवारी-फेब्रुवारी १९९९ मध्ये शंकरबिघा आणि नारायणपूर येथे जमीनदारांच्या रणवीर सेनेने दलितांची हत्याकांडे केली. त्यानंतर आलेल्या शिफारशीवर राष्ट्रपतींनी सही केली, पण राज्यसभेत बहुमत नसल्याने केंद्राला ती राजवट मार्चमध्ये मागे घ्यावी लागली. परत पाठवण्याचा अधिकार त्यांनी हट्ट म्हणून वापरला नाही, हे यातून दिसते.

जानेवारी २००० मध्ये प्रजासत्ताकाला पन्नास वर्षे झाली. राज्यघटनेचा आढावा घेण्याची भाषा सत्ताधारी पक्षात जोरात सुरू होती. आढावा या सभ्य शब्दाआड काय दडले आहे, याची धास्ती देशभरच्या दलित वस्त्यांत होती. २७ जानेवारीला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात, पंतप्रधानांच्या उपस्थितीत, राष्ट्रपतींनी एकच प्रश्न केला. राज्यघटनेने आपल्याला दगा दिला की आपणच राज्यघटनेला? पुढच्या महिन्यात न्या. व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, पण त्याला संसदीय लोकशाही आणि घटनेची मूलभूत चौकट यांच्या मर्यादेतच काम करावे लागले. ही मर्यादा एकट्या राष्ट्रपतींमुळे पडली असे आम्ही म्हणणार नाही. रस्त्यावर आपली माणसे उतरली होती. पण रस्त्यावरच्या आवाजाला मध्यवर्ती सभागृहात एक साक्षीदार मिळाला होता, हे मोठे बळ होते.

आम्हाला सर्वात मोलाचा वाटतो तो मात्र एक शेरा. १९९८ मध्ये राष्ट्रपतींमार्फत आलेल्या संदर्भावर सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश निवडीच्या कॉलेजियमची पद्धत पक्की केली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या नावांची फाईल राष्ट्रपतींपुढे आली, तेव्हा नारायणन यांनी त्यावर शेरा लिहिला. अनुसूचित जाती-जमातींत पात्र माणसे आहेत, त्यांचा विचार व्हावा, असा त्याचा आशय होता. जानेवारी १९९९ मध्ये ही गोष्ट बाहेर आली आणि गदारोळ उठला. गुणवत्तेचे काय, असा जुनाच सवाल पुन्हा ऐकू आला. विद्यापीठात पहिल्या आलेल्या आणि तरीही कारकुनी देऊ केलेल्या माणसाला गुणवत्तेचे धडे दिले जात होते! १९९७ मध्ये न्या. के. रामस्वामी निवृत्त झाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीचा न्यायाधीश उरला नव्हता. जून २००० मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन तेथे आले आणि २००७ मध्ये सरन्यायाधीश झाले. ते मे २०१० मध्ये निवृत्त झाले आणि पुढची नऊ वर्षे, २०१९ मध्ये न्या. भूषण गवई येईपर्यंत, ती जागा पुन्हा रिकामीच राहिली. त्या शेऱ्याची गरज किती खोल होती हे या नऊ वर्षांनी सिद्ध केले.

योगायोग पाहा. १८ डिसेंबर २००१ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचे उद्घाटन राष्ट्रपती नारायणन यांच्या हस्ते झाले. त्या स्मारकासाठी झटलेल्या समितीची धुरा दादासाहेब तथा रा. सू. गवई यांच्याकडे होती. त्यांचेच चिरंजीव २०२५ मध्ये देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले. दीक्षाभूमीवरच्या त्या उद्घाटनानंतर सव्वा महिन्याने, २००२ च्या प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला केलेल्या भाषणात नारायणन यांनी दलित-आदिवासींच्या भोपाळ जाहीरनाम्याची दखल घेतली आणि खासगी क्षेत्राच्या सामाजिक जबाबदारीचा मुद्दा देशापुढे मांडला. खासगीकरणात राखीव जागा विरघळत असताना राष्ट्रपतींनी हे बोलणे ही लहान गोष्ट नव्हती.

आणि त्यांच्या अधिकाराची हद्दही आम्ही सांगितली पाहिजे. २००२ मध्ये गुजरात पेटले. राष्ट्रपतींनी पंतप्रधान वाजपेयींना पत्रे लिहिली, लष्कर परिणामकारकपणे वापरावे असा आग्रह धरला. त्याचा हवा तसा उपयोग झाला नाही, हे त्यांनी पद सोडल्यावर स्वतःच बोलून दाखवले. ती पत्रे उघड व्हावीत म्हणून माहिती अधिकारात अर्ज झाला. केंद्रीय माहिती आयोगाने २००६ मध्ये ती पाहण्यासाठी मागवली, पण २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ७४ च्या आधारे तो आदेश रद्द केला. सल्ला परत पाठवण्याची फट ज्या कलमात आहे, त्याच कलमाने त्यांची पत्रे कुलपात ठेवली. तिथे लेखणी कमी पडली. पण लेखणी उचलली गेली होती, हे तरी आपल्याला ठाऊक आहे.

जुलै २००२ मध्ये ते पायउतार झाले. जानेवारी २००४ मध्ये मुंबईत गोरेगावला भरलेल्या जागतिक सामाजिक मंचावर ते आले, हजारो दलित कार्यकर्त्यांच्या गर्दीत. ९ नोव्हेंबर २००५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ते राष्ट्रपती म्हणून फ्रान्सला गेले होते, तेव्हा तिथल्या एका वृत्तपत्राने त्यांच्या स्वागताच्या बातमीला त्यांच्या अस्पृश्यतेचेच शीर्षक दिले होते. पदवी, राजदूतपद, कुलगुरुपद, राष्ट्रपतिपद, काहीही मिळवले तरी जात पाठ सोडत नाही. तिला उत्तर एकच, आपल्या वाट्याला आलेली जागा घटनेच्या बाजूने वापरणे.

नारायणन यांच्यानंतरही दलित आणि आदिवासी समाजातून राष्ट्रपती झाले, पुढेही होतील. सरपंच होतील, तहसीलदार होतील, न्यायाधीश होतील. वाचकहो, त्यांच्या सत्काराला जरूर जा, हार जरूर घाला. पण वर्षभराने परत जा आणि विचारा, कोणती फाईल परत पाठवली? कोणत्या कागदावर शेरा मारला? गावच्या ग्रामसभेत खोट्या ठरावावर सही करायला नकार देणारी आपली एखादी महिला सरपंच आम्हाला नारायणन यांच्या परंपरेतली वाटते. आणि मोठ्या खुर्चीवर बसून निमूटपणे अंगठा उठवणारा आपला माणूस, तो कितीही आपल्या रक्ताचा असो, आम्हाला परका वाटतो. बाबासाहेबांनी आपल्या हाती घटना दिली ती पूजेला नव्हे, वापरायला. नारायणन यांनी ती वापरून दाखवली. त्यांना आपले म्हणायला एवढे कारण पुरेसे आहे.

जयभीम!